मुलांच्या पट्टीत

राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं. जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेचा दिवस त्यानेच सुरू होतो, आणि त्या शाळेत गाण्याची काय अवस्था आहे हे कळायला तेवढा वेळ पुरतो. माइक चालू असला तर दोन-तीन मुली पुढे उभ्या असतात, नसला तर सर किंवा मॅडम पहिला शब्द उचलतात. तो शब्द कुठल्या सुरावर उचलला, यावर पुढचं सगळं ठरतं. ही चाल खालच्या निषादाला स्पर्श करते आणि शेवटच्या जयघोषात वरच्या षड्जाला जाऊन भिडते. म्हणजे सप्तकभर गळा हिंडवावा लागतो. सुरुवात चढी झाली, तर त्या जयघोषाला पोचेपर्यंत मुलांच्या मानेच्या शिरा ताठ होतात आणि गाण्याची आरोळी होते. सुरुवात खाली झाली, तर पहिल्या ओळी मुलं पुटपुटतात, मग कुणीतरी मधेच वरचं सप्तक धरतं, अर्धी रांग त्याच्यामागे जाते, अर्धी खालीच राहते. चांगली सुरुवात झाली की मात्र ऐकत राहावं असं काहीतरी घडतं. सत्तर-ऐंशी मुलं एका सुरात येतात. त्यांना ते जाणवतं, आणि गाणं संपल्यावर क्षणभर कुणी चुळबुळ करत नाही.

हा फरक गुणवत्तेचा नाही. तीच मुलं, तेच मैदान. फरक असतो तो पहिला सूर निवडणाऱ्या माणसाचा, आणि त्या माणसाला हा सूर कसा निवडायचा हे कुणी कधी शिकवलेलं नसतं.

परिपाठापासून शाळा सुटेपर्यंतचा दिवस कान देऊन ऐकला, तर प्राथमिक शाळा किती गाते ते लक्षात येतं. राष्ट्रगीतामागून राज्यगीत येतं. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा आवाज असलेलं हे गीत १९ फेब्रुवारी २०२३ पासून अधिकृत राज्यगीत झालं, आणि तेव्हापासून सहा वर्षांची मुलंही ते रोज म्हणू लागली. मग प्रार्थना, पुष्कळ शाळांत ती साने गुरुजींची असते. समूहगीत असतं. पहिली-दुसरीच्या वर्गांतून पाढ्यांचा ठेका ऐकू येतो, कारण पाढे कुणी सपाट आवाजात म्हणत नाही, त्यांना आपोआप चाल लागते. मराठीच्या तासाला कविता. पोषण आहाराच्या ताटावर बसल्यावर श्लोक. शाळा सुटताना पसायदान किंवा वंदे मातरम्. एखाद्या संगीत विद्यालयातला विद्यार्थी आठवड्यात जितका वेळ गात नसेल तितका वेळ हे मूल गात असतं. तरीही वेळापत्रकात ‘संगीत’ असा रकाना शोधावा लागतो, आणि सापडला तरी त्या तासाला बहुतेक वेळा गणिताचा राहिलेला भाग पुरा केला जातो.

शिक्षक तरी काय करतील? २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला किती शिक्षक मिळावेत याचा तक्ता आहे. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार, २०० पर्यंत पाच. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरहून अधिक मुलं असतील, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांच्यासाठी अंशकालीन निदेशक असावेत, असंही त्याच तक्त्यात आहे. पण पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी असा कुणीही नाही. ज्या वयात कान सगळ्यांत तयार असतो, गळा लवचीक असतो आणि लाज अजून आलेली नसते, नेमकं तेच वय कायद्याने कलाशिक्षकाविना ठेवलं आहे. हा तक्ता करणाऱ्यांनी वाईट हेतूने काही केलं असं मी म्हणणार नाही. पण ज्या देशात गाणं अंगाईपासून सुरू होतं, तिथे ही उणीव कुणाला खटकली नाही, याचं दुःख होतं.

महाराष्ट्रातल्या हजारो शाळा द्विशिक्षकी आहेत. त्या दोघांकडे चार-पाच वर्ग, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं, आणि त्यातच कला. बालभारतीने प्राथमिक वर्गांसाठी ‘खेळू, करू, शिकू’ ही पुस्तकं काढली. गायन, वादन, नृत्य, नाट्य यांना त्यांत जागा आहे आणि त्यांतले पुष्कळसे उपक्रम खरोखर करता येण्याजोगे आहेत. ऑगस्ट २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हापासून कलेलाही श्रेणी द्यावी लागते आणि प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद लिहावी लागते. त्या नोंदवह्या चाळल्या की ‘समूहगीतात आवडीने भाग घेतो’, ‘कविता तालासुरात म्हणते’ अशी वाक्यं पानापानांवर दिसतात. ती लिहिणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. सूर म्हणजे काय आणि या मुलाचा सूर कुठे आहे हे ओळखायला आपण शिक्षकाला शिकवलंच नाही, तर तो याहून वेगळं काय लिहील?

आपल्याकडे संगीत शिकवण्याच्या संस्था काही आजच्या नाहीत. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८८६ साली गायनशाळा काढली आणि ती मौलाबक्षांच्या हाती दिली. मौलाबक्षांनी चिजा कागदावर उतरवण्याची पद्धत बसवली आणि शिकणाऱ्यांसाठी छोटी पुस्तकं तयार केली. त्याच सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण लागू केलं. एकाच राजाने या दोन्ही गोष्टी केल्या, तरी त्या एका छपराखाली आल्या नाहीत. कुरुंदवाडला जन्मलेल्या, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं आणि १९०८ साली ते मुंबईत आले. वर्गात बसवून अनेकांना एकदम शिकवणं, क्रमिक पुस्तकं, स्वरलिपी, परीक्षा हे सगळं त्यांनी रुजवलं. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांनी शेकडो चिजा सर्वांना खुल्या केल्या. पलुस्करांच्या निधनानंतर त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापलं. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या त्याच्या परीक्षा आजही गावोगावची मुलं देतात.

या कामाचे उपकार मोठे आहेत. घराण्यांच्या बंद दारांतून गाणं बाहेर आलं, मुलींना शिकता आलं. पण गाणं शिकण्याची जागा ‘क्लास’ झाली. संध्याकाळी, फी भरून, शाळेबाहेर. ज्या घरात आधीच पेटी आहे किंवा निदान हौस आहे, त्या घरातलं मूल क्लासला गेलं. ज्याच्या आईवडिलांना ऊसतोडीवरून परत यायला रात्र होते, त्याच्या वाट्याला फक्त परिपाठ उरला. मुंबई महानगरपालिकेने आपल्या शाळांसाठी संगीत शिक्षक नेमण्याची परंपरा ठेवली, हे या चित्रात वेगळं आणि अभिमान वाटावा असं आहे. जिल्हा परिषदांना ते जमलं नाही.

वेगळी वाट दाखवणारी माणसंही होऊन गेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये नेलं. माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून त्यांनी बिया, शिंपले, पानं वापरली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात नेली. त्या अंगणात अक्षराच्या आधी गाणं होतं. ज्या मुलाला मराठी पुस्तकाची भाषा परकी होती, त्याला हातवारे करत म्हटलेलं बडबडगीत परकं नव्हतं. वारली पाड्यावर तारपा वाजतो. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाची पानं यांपासून बनलेल्या त्या वाद्याभोवती फेर धरून नाचायला मूल चालायला लागल्यापासून शिकतं. म्हणजे ते शाळेत येतं तेव्हा लय त्याच्या पायांत आधीच असते. शाळेने फक्त ती विसरायला लावू नये.

गाणं प्राथमिक शाळेतच, सगळ्या मुलांना, लिपीसकट शिकवलं तर काय होतं, हे पाहायला फार लांब जायला नको. गोव्याच्या चर्चशी जोडलेल्या शाळांत पोर्तुगीज काळात सोळाव्या शतकापासून मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरलेखन शिकवलं जाई. शिकवणारा मेस्त्री गावाचाच; चर्चच्या गायनवृंदाची जबाबदारीही त्याचीच. मूल आधी सूर नाव घेऊन म्हणायला शिके, कागदावरचे ठिपके पाहून गायला शिके, मग हातात व्हायोलिन येई. यामागचा हेतू धर्मकार्याचा होता आणि ती राजवट परकी होती, हे विसरण्याचं कारण नाही. कोकणी मुलांच्या स्वतःच्या गाण्याला त्या शाळेत मान नव्हता, हेही खरं. पण शिक्षणाची पद्धत म्हणून पाहिलं तर तिचा परिणाम थक्क करतो. पुढे पोटासाठी मुंबईला आलेल्या गोवेकरांना वाचून वाजवता येत होतं. हॉटेलांचे बँड, मूकपटांचे वाद्यवृंद आणि नंतर हिंदी चित्रपटसंगीताचे ताफे त्यांच्या बळावर उभे राहिले.

माजोर्ड्याला १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलं एक नाव. वडील चर्चच्या गायनवृंदाचे प्रमुख. मुलाचं शिक्षण तिथेच सुरू झालं. मुंबईत ते चित्रपटांसाठी व्हायोलिन वाजवत, वाद्यमेळ लिहीत आणि शिकवत. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचे विद्यार्थी. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या त्या प्रसिद्ध नावामागे आपल्या गुरूविषयीचा आदर होता, हे प्यारेलाल यांनीच जगाला सांगितलं. आपण ज्या गाण्यांवर वाढलो त्यांतल्या कितीतरी गाण्यांच्या मागचा वाद्यमेळ गावातल्या चर्चच्या शाळेत ठिपके वाचायला शिकलेल्या माणसांनी लिहिला होता. प्रत्येक मुलाने वादक व्हावं म्हणून मी हे सांगत नाही. प्राथमिक शाळेत नेटाने दिलेली एक साधी गोष्ट पन्नास वर्षांनी कुठे उगवेल याचा अंदाज करता येत नाही, म्हणून सांगतो.

*

आता पट्टीकडे येऊ, कारण माझ्या मते शाळेतल्या गाण्याची सगळ्यांत मोठी अडचण तिथे आहे आणि तिच्यावर सर्वांत कमी बोललं जातं.

सहा ते नऊ वर्षांच्या मुलाचा गळा मोठ्या माणसाच्या गळ्याची लहान आवृत्ती नसतो. त्याच्या स्वरतंतूंची लांबी कमी, त्यामुळे त्याचा सहज सूर वर असतो, आणि खाली उतरण्याची ताकद जवळजवळ नसते. पेटीवर बोट ठेवून सांगायचं, तर मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून काळी पाचपर्यंतच्या पट्ट्यात बहुतेक मुलं मोकळी गातात. पुरुष शिक्षक साधारण काळी एक किंवा दोनमध्ये गातात, पण त्याच्या खालच्या सप्तकात. चाल षड्जाच्या वरच राहिली तर मुलं एक सप्तक वर धरून नीट गातात. पण चाल मंद्र पंचमापर्यंत उतरली की मुलांना तिथे सूरच सापडत नाही. ती घशातून खरखर काढतात. शिवाय लहान मुलांपैकी काहींना सरांचा सूर ‘एक सप्तक वर’ म्हणून ऐकूच येत नाही. सर जसा जड आवाज काढतात तसाच काढायचा प्रयत्न ती करतात, आणि मग वर्गात एका बाजूने सतत गुणगुण ऐकू येते. शिक्षिका काळी चार-पाचमध्ये गातात. तो षड्ज मधल्या सप्तकाच्या खाली येतो, त्यामुळे गाण्याची सुरुवातच मुलांना जड जाते.

उपाय सोपा आहे, फक्त मोठ्या माणसाला थोडी गैरसोय सोसावी लागते. आपल्या गळ्याला बरं वाटतं तिथे गाणं धरायचं नाही; मुलांच्या गळ्याला बरं वाटतं तिथे धरायचं. मधल्या सप्तकातल्या पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास षड्ज ठेवावा आणि फार खाली न उतरणाऱ्या चाली निवडाव्यात. शिक्षिकांना यासाठी नेहमीपेक्षा दोन-तीन सूर वर जावं लागेल. पुरुष शिक्षकांनी चाल पेटीवर किंवा बासरीवर वाजवून दाखवावी, किंवा वर्गातल्या सुरेल मुलीला पुढे घ्यावं. तिचा आवाज बाकीच्यांना पटकन पकडता येतो. पेटी नसेल तर मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप मोफत मिळतं, त्यात पट्टी निवडता येते. परिपाठाआधी दहा सेकंद तो षड्ज सगळ्यांना ऐकवला तरी राष्ट्रगीत बदलतं.

याच्याशीच जोडलेली दुसरी गोष्ट, जिने मला फार अस्वस्थ केलं आहे. समूहगीताची तयारी सुरू झाली की एखाद्या मुलाला सांगितलं जातं: तू मागच्या रांगेत उभा राहा आणि नुसते ओठ हलव. स्पर्धा जवळ आलेली असते, शिक्षकावर दडपण असतं, त्यामागे क्रौर्य नसतं. पण सातव्या वर्षी हे ऐकलेलं मूल सत्तराव्या वर्षीही ‘मला गाता येत नाही’ असं सांगतं. आपल्या ओळखीत अशी किती माणसं आहेत ते आठवून पाहा. या मुलांतल्या बहुतेकांच्या कानात दोष नसतो. ऐकलेला सूर आणि गळ्यातून काढलेला सूर यांची जोडणी अजून व्हायची असते, इतकंच. ती घडवण्याची रीत जुन्या गायनशिक्षकांना ठाऊक होती. मुलाला आपल्या सुरावर ओढायचं नाही. त्याला हवा तो सूर लावू द्यायचा, आणि आपण त्याच्या सुरावर जायचं. दोघांचे सूर एकत्र मिळाल्याचा अनुभव त्याला आला, की मग हळूच एक पायरी वर, पुन्हा खाली. कोकिळेची नक्कल, एसटीच्या भोंग्याची नक्कल, विहिरीत हाक मारल्यासारखी लांबवलेली हाक, हे सगळे गळा वरखाली हिंडवण्याचे व्यायामच आहेत. मुलांना तो खेळ वाटतो. रोज पाच मिनिटं याला दिली तर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मागच्या रांगेतली बरीचशी मुलं पुढे येतात.

*

कवितेच्या चालींबद्दल लिहिताना मला नेहमी भरून येतं. महाराष्ट्रातली तीन-चार पिढ्यांतली माणसं शाळेतल्या कविता आजही चालीसकट म्हणतात. त्या चाली कुणी लावल्या? कुठल्याही पुस्तकात त्यांचं नाव नाही. कुणा गुरुजींनी त्यांच्या गुरुजींकडून उचलल्या, अध्यापक विद्यालयात मैत्रिणीकडून ऐकल्या, बदली झाली तशा त्या दुसऱ्या तालुक्यात गेल्या. बालभारतीची स्थापना १९६७ची. त्यानंतर सगळ्या राज्यात एकच पुस्तक गेलं, पण एकाच कवितेच्या चाली जिल्ह्याजिल्ह्याला वेगळ्या राहिल्या. मराठीत हे शक्य झालं कारण आपली कविता वृत्तात पाऊल टाकत आली. ओवीला, अभंगाला, साकीला, दिंडीला स्वतःची चाल आहे. रामदासांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयातात असल्यामुळे ते कुणी सपाट म्हणूच शकत नाही. मुलांच्या कितीतरी कविता पादाकुलकात आहेत: आठ-आठ मात्रांचे दोन तुकडे. ती ओळ आठ मात्रांच्या केरव्यावर अलगद बसते. शिक्षकाला वृत्ताचं नाव माहीत नसलं तरी त्याचा हात बाकावर केरवा धरतो आणि चाल आपोआप सुचते.

आता पुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलने उघडला की कविता वाजते; यूट्यूबवर तर एकेका कवितेच्या दहा-दहा चाली आहेत, काही शिक्षकांनीच केलेल्या आणि खरोखर गोड. दुर्गम शाळेतल्या एकट्या शिक्षकाला हा मोठा आधार आहे. पण मोबाइल वाजत असताना मुलं गातात कमी आणि पाहतात जास्त. त्यामुळे ध्वनिफीत शिक्षकाने ऐकावी, चाल आपल्या गळ्यात बसवावी, वाद्यांचा गलबला बाजूला ठेवावा आणि वर्गात मोबाइल बंद करून स्वतः म्हणावी. शिक्षकाचा आवाज बेताचा असला तरी चालतो. मूल माणसाच्या तोंडाकडे बघून गायला शिकतं, श्वास कुठे घेतला ते बघतं. वर्गात गाणाऱ्या बाईंचा आवाज मूल ज्या प्रेमाने पकडतं तसा ते स्पीकरचा पकडत नाही.

लेझमीबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण प्राथमिक शाळेला मिळालेलं ते अस्सल आपलं वाद्य आहे. लाकडी दांडा, लोखंडी साखळी, तिच्यात ओवलेल्या पातळ चकत्या. किंमत कमी, मोडलं तर गावातला लोहार दुरुस्त करतो. हलगीच्या ठेक्यावर लेझीम खेळणारं मूल वाजवतं आणि त्याच वेळी नाचतं, अंक मोजतं, शेजाऱ्याच्या पावलाकडे लक्ष ठेवतं. आणि मुख्य म्हणजे लेझमीत मागची रांग नसते. बेसूर म्हणून कुणाला बाजूला काढता येत नाही. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या उद्घाटनाला सांगली जिल्ह्यातल्या खेळाडूंनी लेझीम नेली, तेव्हा देशाने ती पाहिली. पण तिची खरी जागा शनिवारची सकाळ आणि शाळेचं मैदान हीच. अलीकडे पुष्कळ शाळांत लेझमी कपाटात पडून आहेत आणि मिरवणुकीत स्पीकर फिरतो. लेझमी बाहेर काढायला पैसे लागत नाहीत.

स्पीकरचा विषय निघाला की स्नेहसंमेलनाकडे वळावंच लागतं. डिसेंबर-जानेवारीत गावच्या शाळेचं गॅदरिंग म्हणजे सणच. मंडप, रोषणाई, पालकांची गर्दी, बक्षिसाच्या नोटा, त्यांतून शाळेसाठी जमणारा निधी. या उत्सवाचं मोल मी कमी लेखत नाही. गाव आणि शाळा यांचं नातं त्या एका रात्रीत जितकं घट्ट होतं तितकं वर्षभराच्या सभांनी होत नाही. मंचावर येण्याचं धाडस आयुष्यभर पुरतं. पण कार्यक्रमपत्रिका पाहिली की वीस-पंचवीस रेकॉर्ड डान्स असतात. गाणी चित्रपटातली, आवाज कान फाटेल असा, आणि मुलं त्यावर मोठ्या माणसांचे हावभाव करत असतात. तीन तासांच्या त्या कार्यक्रमात एकाही मुलाचा स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. शंभर मुलं मंचावर येऊन जातात आणि त्यांच्यापैकी एकाच्याही गळ्याची ओळख गावाला होत नाही.

हे बदलणं अवघड नाही, पण त्यासाठी ऑक्टोबरपासून ठरवावं लागतं. कार्यक्रमाचा निम्मा भाग जिवंत गाण्याचा: वर्गाने मिळून म्हटलेल्या पाठ्यपुस्तकातल्या कविता, हादग्याची गाणी, वासुदेव, भारूड, छोटासा पोवाडा. नवरात्रात पाटावर हत्ती काढून मुली फेर धरतातच. ती गाणी आज्यांना येतात, आयांना अर्धवट येतात. शाळेने आज्यांना बोलावून ती पुन्हा भरून घ्यावीत. ढोलकीसाठी गावातलं भजनी मंडळ आहे. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथून शिकून आलेली मृदंगवादक मंडळी खेडोपाडी आहेत. सप्ताहात रात्रभर वाजवणारा माणूस सकाळी शाळेत तासभर यायला आनंदाने तयार होतो. त्याला सन्मानाने बोलावणारं कुणीतरी लागतं. पेटीवर सूर देणारा, टाळ धरणारा, चाल सांगणारा असे तिघे गावात मिळाले तर त्या शाळेला संगीत शिक्षक नाही असं कोण म्हणेल?

स्पर्धांचं थोडं वेगळं आहे. पुणे जिल्हा परिषदेच्या शाळांत यशवंतराव चव्हाण कला-क्रीडा महोत्सव होतो. असे महोत्सव इतरत्रही आहेत. केंद्रावरून बीट, तालुका, जिल्हा अशा पायऱ्या चढत वाडीवरच्या शाळेचा संघ जिल्ह्याच्या मंचावर पोचतो, तेव्हा त्या गावात गुलाल उधळला जातो. हा आनंद खरा आहे. माझी विनंती परीक्षकांना आणि आयोजकांना आहे: प्राथमिक गटात निवडक दहा जणांच्या संघाऐवजी पूर्ण वर्गाला उतरू द्यावं, ध्वनिमुद्रित गाण्यांना मनाई करावी, आणि वेशभूषेचे गुण कमी करून एकत्र गाण्याचे वाढवावेत. नियमातल्या एका ओळीने राज्यभरच्या तयारीची दिशा बदलते.

सरकारी कागदावर वातावरण आज पूर्वीपेक्षा अनुकूल आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कलेला ‘सहशालेय’ म्हणून बाजूला ठेवायला नकार दिला. २०२३च्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षणाला स्वतंत्र विषयाचा दर्जा दिला. महाराष्ट्राने ‘आनंददायी शनिवार’ सुरू केला. या सगळ्यांचं समर्थन करताना बऱ्याचदा असं सांगितलं जातं की संगीताने गणित सुधारतं, एकाग्रता वाढते, परीक्षेत गुण मिळतात. मला हा युक्तिवाद पटत नाही. गणित सुधारायचं असेल तर गणित नीट शिकवावं. गाणं मुलाला द्यायचं ते गाणं आहे म्हणून. चाळीस जणांनी एका सुरात येण्याचा अनुभव दुसऱ्या कुठल्याच विषयात मिळत नाही म्हणून.

राहतो प्रश्न शिक्षकांच्या तयारीचा. प्रत्येक शाळेला संगीत शिक्षक मिळायला हवा, ही मागणी सोडू नये. पण तो येईपर्यंत पहिलीत बसलेलं मूल चौथी पास होऊन जाईल. आपल्याकडे दर महिन्याला केंद्रपातळीवर शिक्षण परिषद भरते. केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक एका ठिकाणी जमतात, परिपत्रकं वाचली जातात, एखादा नमुना पाठ होतो. जवळपास प्रत्येक केंद्रात पेटी किंवा ढोलकी वाजवणारा, भजनात रमणारा एखादा तरी शिक्षक असतोच. त्याला त्या परिषदेत दरमहा एक तास द्यावा. त्या तासात सगळ्यांनी मिळून पाठ्यपुस्तकातली एक कविता आणि एक समूहगीत बसवावं, षड्ज कुठे धरायचा ते पेटीवर पाहावं, न जुळणाऱ्या मुलाच्या सुरावर आपण कसं जायचं त्याचा सराव एकमेकांवर करावा. महिनाभराने पुन्हा भेटावं तेव्हा काय जमलं, कुठे अडलं ते सांगावं, आणि पुढची दोन गाणी घ्यावीत. वर्षाला अशी पंधरा-वीस गाणी प्रत्येक शाळेत पोचतील. यासाठी नवी पदं नकोत, निधी नको, शासननिर्णयाची वाट पाहायला नको. केंद्रप्रमुखांनी पुढच्या परिषदेच्या विषयपत्रिकेत हा विषय घालावा, आणि तो शेवटच्या अर्ध्या तासात न ढकलता सकाळी, सगळे ताजेतवाने असताना घ्यावा.